सुनीलची आडकाठी

जुन्नरच्या पेठेत सुनील भालचिमला कुणी सर म्हणतं, कुणी हिरड्यातला कॉम्प्युटरवाला म्हणतं. त्याचा क्लास मोहनलाल शेटच्या दुकानामागच्या खोलीत. पुढं हिरड्याची पोती छतापर्यंत रचलेली, मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट, आणि मागं कॉम्प्युटर. क्लासला जाऊन आलेल्या पोरींच्या ओढण्यांना तो तुरट वास येतो. आया म्हणतात, पोरगी कॉम्प्युटर शिकायला गेली का हिरडा फोडायला?

मी त्याला ओळखते ती त्याच्या बहिणीमुळं. मंगल तिचं नाव. तिला नवऱ्याच्या घरातून हाताला धरून बाहेर काढलं ते मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी तटस्थपणे लिहितेय असं कुणाला वाटायला नको. तटस्थ लोक त्या दिवशी वाडीत होते भरपूर. ओट्यांवर बसून तंबाखू मळत बघत होते.

मंगलचा नवरा भिमाजी. जुन्नर ते वरच्या वाड्या अशी जीप चालवतो. दिसायला गरीब. कुणावर आवाज चढवणार नाही, म्हाताऱ्या बाईचं गाठोडं स्वतः टपावर चढवील. मंगलची डाव्या हाताची करंगळी वाकत नाही. का, तर तिनं विचारल्याशिवाय माहेरी निरोप पाठवला म्हणून त्यानं तिचं बोट जीपच्या दारात ठेवायला लावलं आणि दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं. मंगलनं मला हे सांगितलं तेव्हा 'हळूच' हा शब्द ती दोनदा म्हणाली.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे ताई, बसून मिटवा." मी टेबलावर हात आपटला, त्यांनी मला बाहेर काढलं. बाहेर भिमाजी उभा होता, हात मागं बांधून. म्हणाला, "न्या की ताई तिला. माजं काय न्हाई. जाऊन जाऊन जाईल कुठं? मी हुडकीन. मला घाई न्हाई."

मी माणसं बघत आलेय. शिव्या देणारा दमतो, दारू पिणारा झोपतो. ज्याला घाई नाही त्याचं काय करायचं, हे मला आजही कळलेलं नाही.

मंगलला मी आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला नेऊन ठेवलं. तिथं इंजिनिअरिंगचं नवीन कॉलेज झालेलं, मुलांच्या जेवणाच्या खानावळी निघालेल्या. साळुबाई म्हणून आमच्या बायकांच्या संघटनेतली बाई आहे, तिच्या खानावळीत मंगल मागच्या चुलीवर भाकरी करायची. पुढं वाढायला यायची नाही. आता ती तिथं नाही, म्हणून गावाचं नाव लिहितेय. तेव्हा ते तीनच माणसांना ठाऊक होतं: मला, साळुबाईला आणि सुनीलला. आईलासुद्धा गाव सांगितलं नव्हतं.

आई म्हणजे सोनीबाई. वरच्या वाडीत एकटी राहायची. भात, नाचणी आणि जंगलातला हिरडा. रविवारी एसटीनं जुन्नरच्या बाजाराला यायची, हिरड्याचं गाठोडं मोहनलालच्या काट्यावर टाकायची आणि आत येऊन सुनीलच्या बाकावर बसायची. पोराला एकच विचारायची, "हाय ना रं ती?" सुनील मान हलवायचा. तेवढ्यावर म्हातारीचा आठवडा जायचा. पण तेवढं तिला पुरेना. "मान काय, बैलबी हलिवतो," ती एकदा म्हणाली. "मला बघू दे तरी."

आता सुनीलच्या सर्व्हरचं सांगते. मला जेवढं कळलं तेवढं.

दुसऱ्या क्लासांत टायपिंग आणि टॅली शिकवून सर्टिफिकेट देत. सुनील मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीड्यांवरून, चुकत-माकत, शिकलेला माणूस. शिकला त्याचा गर्वही होता त्याला, आणि मला ते आवडायचं. गर्व काय फक्त पुण्यातल्यांनी करायचा? एका जुन्या मशीनचा त्यानं सर्व्हर केला आणि ठरवलं, क्लासात येईल त्या प्रत्येकाला इंटरनेटवर स्वतःचं पान मिळेल. ते पुण्यातून उघडेल, दुबईतून उघडेल. मोहनलालची सून रिद्धी त्याची पहिली विद्यार्थिनी. तिनं पापड-खाकऱ्याचं पान केलं आणि तिच्या माहेरच्यांनी ते थेट राजस्थानात बघितलं. त्या दिवशी मोहनलालनं पेढे वाटले आणि लगेच विचारलं, "याचं लाइटबिल कोण भरणार?"

सुनील शिकवायचा ते असं. सर्व्हर म्हणजे वाडी. तुम्ही युजर झालात की तुम्हाला वाडीत एक घर मिळतं. घरात तुमच्या सगळ्या वस्तू. घराला एक ओटा असतो, म्हणजे एक ठरावीक फोल्डर. ओट्यावर ठेवाल ते जगाला दिसेल, घरात ठेवाल ते दिसणार नाही. पत्त्यात तुमच्या नावाआधी एक वळवळीत खूण टाकायची, तिला पोरं अळी म्हणायची. "अळी टाक, मग रिद्धी टाक, की रिद्धीवहिनीचा ओटा."

पण पहिल्यांदा ही पानं उघडेचनात. मशीन म्हणायचं, मनाई आहे. सुनील दोन दिवस डोकं धरून बसला. मग त्याला कळलं, की सर्व्हरला ओट्यापर्यंत जायला घराच्या दारातून वाट लागते आणि दार बंद आहे. वाट किती द्यायची याचं माप असतं. नुसतं आतून जाऊ द्यायचं, पण आत काय आहे ते बघू द्यायचं नाही, असंही करता येतं. सुनीलनं तेवढी कटकट केली नाही. सगळ्या घरांची दारं सताड उघडली आणि पानं दिसायला लागली.

रिद्धी तेव्हाच म्हणाली होती, "सर, सगळीच दारं उघडी? आमच्याकडे तर तिजोरीच्या खोलीलासुद्धा आतून कडी आणि बाहेरून कुलूप."

"वहिनी, तुम्ही पेठेतली माणसं," सुनील हसून म्हणाला. "आमच्या वाडीत कुणी कुलूप लावत न्हाई. शेतावर जाताना दाराला एक काठी आडवी लावायची. काठी दिसली की समजायचं, घरात माणूस न्हाई, आत जायचं न्हाई. कुत्रं जाईल, माणूस जाणार न्हाई."

हे खरं आहे, मी बघितलंय. वाडीत ती काठी कुणी ओलांडत नाही. चोरसुद्धा आधी काठी काढून नीट बाजूला ठेवील, अशी चेष्टा चालते.

मशीनवरही सुनीलनं तसंच केलं. ओट्यावर पान नसेल आणि नुसत्या वस्तू ठेवल्या असतील, तर बाहेरून बघणाऱ्याला त्या सगळ्या वस्तूंची यादी दिसते. ती दिसू नये म्हणून तिथं एक कोरं पान ठेवायचं. येणाऱ्याला पांढरा पडदा दिसतो आणि तो परत जातो. त्या कोऱ्या पानाला क्लासात सगळेच आडकाठी म्हणायचे. "सर, मी आडकाठी लावली." "लावलीस ना, मग निश्चिंत जा."

मंगलचे फोटो त्यानं असेच ठेवले. खानावळीत जेवणाऱ्या एखाद्या मुलाच्या मोबाइलवर साळुबाई फोटो काढून घ्यायची, तो मेलनं यायचा. सुनीलनं सर्व्हरवर आणखी एक घर बांधलं, ओट्यावर फोटो ठेवले आणि आडकाठी लावली. रविवारी तो आईला पडद्यासमोर बसवायचा, फोटोचं नाव टाकायचा, की मंगल समोर. सोनीबाई पडद्याला हात लावायची. "जरा भरलीया न्हाई का रं?" मग त्या करंगळीवर बोट ठेवायची.

मी त्याला झापलं होतं. "फोटो कशाला ठेवतोस तिथं? बघून झालं की पुसून टाक."

तो म्हणाला, "ताई, क्लासातल्या सगळ्या पोरांना घर दिलं. तिला कुठंच घर न्हाई. इथं तरी असू द्या की. अन् तिचं नाव कुठं टाकलंय मी?"

नाव टाकलं नव्हतं, खरं आहे. घराचं नाव त्यानं ठेवलं होतं 'माहेर'.

एका रविवारी दुपारी पोत्यांमधल्या वाटेनं भिमाजी आत आला. चपला बाहेर काढून. क्लास भरलेला.

"राम राम, पावणं," तो म्हणाला. "मलाबी शिकायचंय म्हटलं. जीपला काय भविष्य न्हाई राव."

सुनीलनं त्याला बाहेर घालवायला हवं होतं, असं मीही म्हटलं. पण विचार करा. सगळ्या क्लाससमोर तो बहिणीचा नवरा, दाजी. फी पुढं करून उभा. नाही म्हणावं तर का नाही? लपवण्यासारखं आहे काय इथं? नाही म्हणणं म्हणजेच सांगून टाकणं. आणि मोहनलाल गल्ल्यावरून ओरडला, "अरे सुनील, जावई आलेत घरचे, खुर्ची दे!" झालं. भिमाजी बसला. त्यालाही युजर केलं, घर दिलं, ओटा दिला.

चांगला विद्यार्थी होता, सुनीलनंच सांगितलं मला. एका बोटानं टाइप करायचा, पण चुकायचा नाही. कुणाशी बोलायचा नाही. एकदा शिकवलेलं दुसऱ्यांदा विचारायचा नाही. पोरं त्याला दाजी म्हणायला लागली, तो त्यांना चहा पाजायचा.

पहिल्याच महिन्यात एका रविवारी सोनीबाई नेहमीसारखी आली. खुर्चीत जावई. ती पोत्यांपाशीच थांबली. भिमाजी उठला, वाकून पाया पडला. "मामी, बसा की. पोराचं साम्राज्य बघायला आलाव जणू?"

"व्हय पावणं," म्हातारी म्हणाली. बसली. पदर तोंडाशी.

तिनं सुनीलकडं बघितलं. सुनील म्हणाला, "आई, आज लाइट न्हाई. काय दिसायचं न्हाई."

भिमाजीनं मान वर केली आणि डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडं बघितलं. "लाइट न्हाई म्हंता सर, मंग ह्यो काय वाऱ्यानं फिरतोय?"

पोरं हसली. सुनील म्हणाला, "पंखा इन्व्हर्टरवर हाय, दाजी."

"असं व्हय," भिमाजी म्हणाला आणि पुन्हा टाइप करायला लागला. सोनीबाई फोटो न बघता एसटीला गेली. त्यानंतरचे रविवार तसेच गेले. कधी लाइट नाही, कधी लाइन डाऊन, कधी मशीन आजारी. तो दर रविवारी तिच्यासाठी चहा मागवायचा, ती प्यायची. फोटो मात्र येतच होते, आणि सुनील ते माहेरात नेऊन ठेवतच होता. आडकाठीवर त्याचा भरवसा होता.

मग सुनीलनं क्लासाला घरचा अभ्यास दिला: 'माझे कुटुंब' नावाचं पान करा, फोटो लावा, खाली चार ओळी लिहा. आपल्याकडं कुटुंब म्हणजे घरातली सगळी माणसं, आणि जुन्या लोकांच्या तोंडी कुटुंब म्हणजे बायको. सुनीलच्या मनात पहिला अर्थ होता.

पानं तपासायला रिद्धी मदत करायची. सोमवारी सकाळी तिनं हाक मारली, "सर, बघा तरी. दाजींचं पान सगळ्यांत छान झालंय. वहिनी काय गोड दिसतायत."

सुनील उठून आला. पडद्यावर मंगल. परातीत पीठ, कपाळावर मनगटानं मागं सारलेले केस, डावी करंगळी ताठ. मागच्या भिंतीवर रंगवलेली अर्धी अक्षरं, 'साळुबाईची घरगु' आणि खाली 'अवसरी'. आदल्या आठवड्यातलाच फोटो. वर मोठ्या लाल अक्षरांत, माझे कुटुंब. खाली एकच ओळ लिहिली होती, माझे कुटुंब सध्या बाहेरगावी असते.

सुनील म्हणतो, त्याला तेव्हा हिरड्याचा वास सहन होईना.

भिमाजी दहाच्या बॅचला वेळेवर आला. सुनीलनं त्याला बाजूला घेतलं. "दाजी, ह्यो फोटो कुठनं आणला?"

"तुमच्याकडनंच," भिमाजी म्हणाला. आवाज नेहमीसारखाच खाली. "माझ्या घरातनं तो वरचा बाण दाबला सर, तर सगळी वाडीच दिसली. एक-एक घर, नावानिशी. सगळी दारं उघडी. एका घराचं नाव माहेर. म्हटलं, ही आपली सासुरवाडी असंल."

"काठी लावली व्हती दाराला."

"व्हती की. रस्त्यानं येणाराला व्हती. मी रस्त्यानं कुठं आलो? मी वाडीतलाच हाय आता."

म्हणजे असं, की आडकाठी इंटरनेटवरून येणाऱ्या माणसाला अडवायची. क्लासातल्या खुर्चीवर बसलेला युजर मागच्या बाजूनं, एका घरातून दुसऱ्या घरात चालत जाऊ शकत होता. दारं सुनीलनंच सताड उघडली होती. आणि भिमाजीला युजर सुनीलनंच केलं होतं.

सुनीलनं रिद्धीच्या मोबाइलवरून मला फोन लावला. "ताई, त्याला गाव कळलं," एवढंच.

मी साळुबाईला फोन केला. "साळू, कुणी नवीन माणूस आला होता का तिकडं?"

"कोण? पोरंच की सगळी. हां, एक डायवर पावणं आलं व्हतं परवा. महिन्याची खानावळ लावून गेलं, पैसं आगाव. लई गुणी माणूस गं, जेवताना मान वर न्हाई. म्हणला, भाकरी कोण करतं? आमच्या गावाकडची चव लागली."

माझ्या हातातला फोन मला आपटावासा वाटला. "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हाय एक पोरगी मागं." मग साळुबाईला कळलं. "अगं बया."

मंगलनं त्याला बघितलं नव्हतं. त्यानं तिला बघितलं की नाही, ते आजही कुणाला माहीत नाही. तो तिला तेव्हाच ओढून नेऊ शकला असता. नेलं नाही. महिन्याची खानावळ लावून आला, जुन्नरला येऊन पान केलं, रंग निवडला, आणि सुनीलला दिसेल अशा जागी ठेवलं. त्याला ती नुसती परत नको होती. आम्हाला सगळ्यांना ते बघायला लावायचं होतं.

मी सुनीलला सांगितलं, "त्याला तिथून हलू देऊ नकोस. कसंही कर. मी निघते."

गाडीवरून मी कशी गेले ते माझं मला माहीत. आणि इकडं सुनीलनं काय केलं? फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दार, कडी, कुलूप. आणि शिकवायला लागला. घरात कुणाला येऊ द्यायचं, कुणाला नुसतं आतून जाऊ द्यायचं, कुणाला काहीच नाही, त्याची मापं. बहिणीचा नवरा पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत होता. रिद्धी सांगते, सरांचा खडू तीनदा मोडला. भिमाजी मधेच उठायला लागला, तर सुनील म्हणाला, "दाजी, थांबा, हे तुमच्यासाठीच चाललंय." भिमाजी बसला. शिकायची खरंच आवड होती त्याला, हे मेलं खरं आहे.

तोवर मी मंगलला घेऊन निघालेही होते. ती पिठाच्या हातानं गाडीवर बसली. रडली नाही. वाटेत एकदाच बोलली, "ताई, मी काय केलं व्हतं वो? फोटोच काढला व्हता ना?" मी तिला एका संघटनेच्या हाती दिलं, त्यांनी दुसऱ्यांच्या, त्यांनी आणखी कुणाच्या. मधल्या कुणी मला पुढचं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सुनील म्हणाला, "मलाबी सांगू नका. मला ठाव असलं की ते कुठंतरी सांडतंच."

त्याच आठवड्यात त्यानं सगळ्या घरांची दारं लावली. माहेर पाडलं. पोरांनी कुरकुर केली, आता एकमेकांचं काही बघता येत नाही म्हणून. मी क्लासात जाऊन भिमाजीची खुर्ची लाथेनं उलथवली. तो नेमका चहाला बाहेर गेला होता. मोहनलाल म्हणाला, "ताई, खुर्ची माझी आहे, राग त्याच्यावर काढा." मी सुनीलला म्हटलं, आजच्या आज याला हाकल, फी तोंडावर फेक.

सुनीलनं खुर्ची उचलून सरळ केली. "न्हाई ताई. ह्यो हितं बसलाय तोवर तिथं न्हाई."

"तिथं म्हणजे कुठं? तुला तरी ठाव आहे का?"

"म्हणूनच. मला ठाव न्हाई, म्हंजे हितं सोडून सगळीकडंच तिथं."

मला गप्प करणारी माणसं कमी आहेत.

तेव्हापासून सुनील भालचिम भिमाजीला शिकवतोय. एक कोर्स संपला की दुसरा. पुण्याच्या एका कंपनीनं सुनीलला बोलावलं होतं, राहायची सोय करून. गेला नाही. लोकांना वाटतं, डोंगरातला पोरगा, हिंमत नाही. वाटू दे. बॅच सकाळी दहाची. दहाला भिमाजी खुर्चीत दिसला की सुनील पाणी पितो. जीपला भाडं मिळालं म्हणून एखाद्या दिवशी तो आला नाही, तर सुनील स्टँडवर जाऊन जीप बघून येतो. कोण कुणावर पाळत ठेवतंय, मला विचारू नका. दोघंही एकमेकांना सर आणि दाजी म्हणतात.

एकच गोष्ट सुनीलनं केली. आता आईला मंगल दाखवता येत नव्हती, तर उलटं. सोनीबाईच्या नावानं एक साधं पान केलं आणि दर रविवारी म्हाताऱ्या आईचा एक फोटो त्यावर लावला. हातात हिरडा घेतलेली, एसटीची वाट बघणारी, मोहनलालशी काट्यावरून भांडणारी. जिथं असेल तिथून मंगलनं उघडावं आणि बघावं. पानाचा पत्ता निरोपा-निरोपानं पुढं गेला, आणि मग माग राहू नये म्हणून ती साखळीही आम्ही तोडली. ती बघते का नाही, हे सुनील बघत नव्हता. कोण कुठून आलं ते सर्व्हर लिहून ठेवतो, ते लिहिणंच त्यानं बंद करून टाकलं होतं. पण सोनीबाई फोटोसाठी नीट कुंकू लावून यायला लागली. नवीन लुगडं नेसली एकदा. "तिला वाटाया नगं, आई वाळली."

हे पान सगळ्यांना दिसायचं. भिमाजीलाही. तो काही बोलला नव्हता. दिवाळी गेली, थंडी आली.

मग परवाच्या रविवारी, मी तिथंच होते, सोनीबाई बाकावर, सुनील कॅमेरा काढतोय. भिमाजी खुर्ची वळवून म्हणाला, "सर, एक इचारू? पानावर बसवायला फुकटचं यंत्र मिळतं म्हणं. कोण बघतं ते मोजतं. अन् बघणारा कुठल्या गावातनं बघतो, त्येबी दाखिवतं. खरं हाय का?"

सुनीलच्या हातातला कॅमेरा खाली आला. खोटं बोलून उपयोग नव्हता, त्यानं कुठूनतरी ऐकलं होतंच. "असतं तसं," सुनील म्हणाला. "नीट चालत न्हाई. गाव चुकीचं दाखवतं."

"तालुका तरी बरूबर दाखवत असंल की." भिमाजी सोनीबाईकडं वळला. "मामी, तुमच्या पानाला लावून देऊ का? मी शिकून घेतो. तुमाला कळंल, तुमाला कोण कोण बघतं. हौस."

घरांची दारं आता बंद होती, पण ती उघडायलाही तो शिकला असता, आणि शिकवणारा सुनीलच. म्हातारीला यंत्र, सर्व्हर, तालुका यातलं काही कळलं नसणार. तिनं जावयाकडं बघितलं. मग पोराकडं. त्याचा चेहरा तिला कळला.

"सुनील," ती म्हणाली, "माझं पान काढ रं."

"आई..."

"काढ म्हंते ना. आत्ता. माज्या म्होरं."

"आई, मग तिला तुला कसं..."

"न्हाई दिसली मी तर मरत न्हाई कुणी." तिनं कपाळावरचं कुंकू अंगठ्यानं सारखं केलं. "पावण्याला इतकी हौस सुटलीया, म्हंजे त्यात काय हाय ते मला कळलं."

सुनील बसला. दोन-चार कळा दाबल्या असतील. पत्ता टाकून त्यानं आईला दाखवलं, पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. "काय लिवलंय?" तिनं विचारलं. "हे पान सापडत न्हाई," सुनीलनं सांगितलं. कुठंतरी मंगलनं त्या संध्याकाळी पत्ता टाकला असेल, तर तिलाही तेच दिसलं असेल. का, हे तिला सांगायला आमच्याकडं आता काही वाट नाही. आई गेली असं तिला वाटलं असेल का? मी हा विचार करत नाही. करायला लागले की मला कुणाचातरी गळा धरावासा वाटतो.

हे मी लिहिलंय ते भिमाजी वाचील. वाचू दे. त्याला यातलं सगळंच ठाऊक आहे, ठाऊक नसलेलं मलाही ठाऊक नाही.

त्या दिवशी त्यानं नेहमीसारखा चहा मागवला. सोनीबाईनं या वेळी कप हातात घेतला नाही, बाकाखाली सरकवला. ती एसटीला निघून गेल्यावर त्यानं स्वतःचा चहा संपवला, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"उद्या काय घेणार, सर?"

सुनील बराच वेळ फळा पुसत होता. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"उद्या प्रिंटर घेऊ, दाजी," तो म्हणाला. "प्रिंटरला लई दिवस लागत्यात."